वालाच्या दिवसांत वाचलेली इंदू

कर्जत स्टेशनबाहेर कोवळ्या वालाच्या शेंगांचे ढीग लागले, की मी रस्त्याची बाजू बदलते. तिथे बसणाऱ्या मावशी ओळखीच्या आहेत. त्या लांबूनच हाक मारतात, "ओ बाई, घ्या की, सकाळीच तोडलाय." मी हात हलवते आणि सटकते. आमच्या घरात वाल म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण. थंडीत ओल्या वालाची भाजी आठवड्यातून एकदा तरी व्हायचीच. ती मी बंद केली आणि कोणी विचारलं तर पित्त होतं म्हणून सांगते. पित्ताचा इथे काही संबंध नाही. चार वर्षांपूर्वी एका माणसाने मला शेंगांची पिशवी दिली, मी ती घेतली आणि घेताना जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

याच दिवसांत शाळेत तो कागदही येतो. 'वाचनोत्तर कृती' असं त्याचं नाव. नववीच्या मुलांना एखादी कादंबरी वाचून दाखवा आणि मग त्यांना स्वतःबद्दल विचार करायला लावा, असा त्याचा मतलब. पात्राला पत्र लिहा, पात्राच्या घराचा नकाशा काढा, तुमच्या आयुष्यातला असाच एक प्रसंग सांगा. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात, 'छायाचित्र आवश्यक'. यंदाही आला. मी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि वर हजेरीपट ठेवून दिला. छापील कागदाला घाबरणारी शिक्षिका दुसरी कोणी असेल असं मला वाटत नाही.

त्या वर्षी मात्र मी घाबरत नव्हते. उलट असं काही हातात पडायची वाटच बघत होते. कर्जतमध्ये आमच्या घराची ओळख मास्तरांचं घर अशी. आजोबा मास्तर, वडील मास्तर, आणि मी कळंबच्या बाजूला एका शाळेत मराठी शिकवणारी बाई. सोळा वर्षं तेच धडे, तीच स्वाध्यायाची उत्तरं. टमटममध्ये बसलं की चालक विचारायचा, "बाई, शाळा ना?" आणि मला वाटायचं, एखाद दिवशी नाही म्हणून बघावं, पुढे काय होतं ते तरी कळेल. कधी म्हटलं नाही.

त्या थंडीतल्या सकाळी अजून अंगावर आहेत. भात निघालेली खाचरं वालाने भरलेली असायची आणि वालावर इतकं दव, की बांधावरून येणाऱ्या पोरांच्या पोटऱ्या भिजून पांढऱ्या पडायच्या. मोज्यांत कुसळं घुसलेली. पहिला तास अर्धा कुसळं काढण्यात जायचा. धुकं दहापर्यंत हलायचं नाही. पलीकडे डोंगर आहे हे माहीत असायचं म्हणून दिसायचा, एवढंच. वर्गात ओल्या गवताचा वास, आणि सोमवारी त्याच्या जोडीला भांबुर्ड्याचा कडवट वास. पोपटी म्हणजे मडक्यात भरून जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगा; त्या मडक्याच्या तळाशी आणि तोंडाला हा पाला लागतो. आधी पोपटी घरची असायची, शेताच्या कडेला लागायची. आता शनिवारी मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना रिसॉर्टवाले पोपटी लावून देतात, आणि भांबुर्डा गोळा करायचं काम आमच्या वर्गाचं. मुलांच्या हातांना तो वास मंगळवारपर्यंत टिकायचा.

शाळेच्या लोखंडी पेटीत मला एक कादंबरी सापडली होती. मुखपृष्ठ गेलेलं, पुढची चार पानं गेलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. मुलं तिला इंदूचं पुस्तक म्हणायची. खाडीकाठचं गाव, तिथला बर्फाचा कारखाना, कारखान्यात कामाला असणारे इंदूचे वडील, आणि तेराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतची इंदू. भांडखोर, हिशेबी, आईचं ऐकणारी आणि मनातल्या मनात न ऐकणारी. रोज शेवटच्या तासाला मी दहा पानं वाचायची. पहिल्या आठवड्यात मागच्या बाकांवर डुलक्या चालायच्या. तिसऱ्या आठवड्यात इंदूची शाळा सुटते की काय असं झालं, तेव्हा घंटा झाली तरी कोणी उठेना.

आणि मी कागदावरच्या कृती एकेक करून घ्यायला लागले. इंदूला थोरल्या बहिणीच्या चपला घालून चालावं लागतं, म्हणून एके दिवशी सगळ्यांनी चपला बदलल्या आणि मैदानाला एक फेरी मारली. सुरुवातीला खिदळणं. मग एकाच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला निघाला, ती तार दुसऱ्याच्या बोटाला लागली, आणि तो काही न बोलता लंगडत फेरी पूर्ण करून आला. त्या दिवशी लिहून घेतलेलं मी घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. मी फार खूश होते स्वतःवर. आता वाटतं, त्या खुशीनेच घात केला.

प्रणाली दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे बसायची. घट्ट दोन वेण्या, हनुवटीवर जुनी खोक. वाचताना माझा एखादा शब्द सुटला तर लगेच "बाई, एक ओळ खाल्लीत" म्हणणारी. तिचं अर्धं शेत कधीतरी विकलं गेलं होतं आणि त्यावर मुंबईच्या कोणाचा तरी बंगला उठला होता. तिचे आईवडील आता त्याच बंगल्याची राखण करायचे. मागच्या अंगाला एक खोली, तिच्यात हे तिघं. खोलीच्या मागे उरलेलं एवढंसं खाचर, त्यात वाल. वडील शाळेत यायचे तेव्हा बंगल्याच्या मालकाचा जुना टीशर्ट घालून यायचे आणि दाराबाहेर चपला काढायचे. "बाई, आमची प्रणाली कशी काय हाय?" मी म्हणायची, हुशार आहे. "हुशार हाय, पण सोमवारी झोपते ना?" हो, झोपायची. बंगल्यावर शनिवार-रविवारी भाड्याने येणाऱ्या पाहुण्यांची गाणी चालतात, झोप होत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं कधीच नाही.

शुक्रवार दुपारपासून आमचा रस्ता आमचा राहायचा नाही. गाड्यांची रांग लागायची, टमटम बांधाला लागून उभी, आणि गाडीतली माणसं काच खाली करून विचारायची, इथून पुढे नदी आहे का, हुरडा मिळतो का. आमच्याकडे वाल असतो हो, हुरडा घाटावर. कोण सांगणार. शनिवारी अर्धी शाळा. साडेअकराला मुलं सुटायची आणि मोठ्या वर्गातली बरीचशी तशीच रिसॉर्टवर कामाला जायची. टॉवेलच्या घड्या, पाण्याच्या बाटल्या, पाला. मला वाटायचं, गावात निदान हालचाल तरी आहे. मी घरी जाऊन दार लावून घेत असे. माझा रविवार दुपारच्या झोपेत आणि इस्त्रीत संपायचा आणि संध्याकाळी उगीच रडू यायचं. ते कशाचं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

इंदूचं पुस्तक संपलं तो दिवस. शेवटच्या पानावर इंदू पहाटे उठते, पिशवीत दोन कपडे भरते, कडी काढते आणि दारात उभी राहते. बस, तिथेच लेखकाने पुस्तक संपवलंय. मी पुस्तक मिटलं तर वर्ग खवळला.

"अवो बाई, पुढचं पान फाटलंय काय?"

"नाही रे, इतकंच आहे."

"मंग गेली का नाय गेली?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"आमाला काय इचारता? लिवणाऱ्यानं सांगायला नको?"

दोन तट पडले. मुलं म्हणाली गेली. मुलींपैकी बऱ्याच म्हणाल्या, आई उठली असणार. प्रणाली कोणत्याच तटात नव्हती. ती म्हणाली, "दार उघडलं ना तिनं? मंग झालं की. कडी आतनं होती." मला ते वाक्य फार आवडलं. मी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ मारली, आणि पुढच्या कृतीकडे वळले.

पुढची कृती माझी स्वतःची होती, कागदावर नव्हती. इंदूला पत्र लिहायचं आणि त्यात आपल्या दाराबद्दल लिहायचं. आपल्याला अडवणारं जे काही असेल ते. पण हे पत्र मी वाचणार नाही. लिहून झालं की घडी घालायची, डिंकाने चिकटवायची आणि डब्यात टाकायची. दहावीच्या निरोपाला ज्याचं त्याला परत. "बाई, खरंच नाय वाचनार?" "नाही वाचणार. शब्द देते."

हा शब्द मी सहज दिला नव्हता. माझी आई माझ्या वह्या वाचायची. मी नववीतच असताना एका वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहिलं होतं, एका मुलाबद्दल, आणि थोडं आईबद्दल. एका संध्याकाळी तिने ते वडिलांसमोर मोठ्याने वाचलं. मारलं नाही, ओरडली नाही, नुसतं वाचलं, बातम्या वाचाव्यात तसं. त्यानंतर मी कधीही मनातलं कागदावर उतरवलं नाही, परीक्षेच्या निबंधातसुद्धा नाही. शिक्षिका झाले तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं, की मुलाने मिटून दिलेला कागद आपण उघडायचा नाही. यात माझं चुकलं असं मला अजूनही धडपणे म्हणता येत नाही.

पत्र लिहायच्या त्या शुक्रवारी वर्ग इतका शांत होता की बाहेर वाल तोडणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. अर्धा तास सगळे खाली माना घालून लिहीत होते. मी खिडकीशी उभी राहिले, मुद्दाम पाठ करून. कोणाला वाटू नये की बाई डोकावतायत. घंटेला दहा मिनिटं असताना मुख्याध्यापक दारात आले. "बाई, फोटो काढलात का? आज पाठवायचाय." मागे एकदा मी मुलं नुसती बसलेली असा फोटो पाठवला होता, तेव्हा वरून फोन आला होता, यात उपक्रम कुठे दिसतोय? त्यामुळे आता पद्धत ठरलेली. मुलांनी दोन ओळींत उभं राहायचं, कागद छातीशी धरायचा, लिहिलेलं समोर दिसेल असा, आणि हसायचं.

"चला रे, पटकन उभे राहा. कागद नीट धरा. प्रणाली, खाली घे गं जरा, तोंड झाकतेस."

तिने कागद खाली घेतला, छातीशी, सरळ. मी फोटो काढला. सगळे छान आले होते, डोळे कोणाचेच मिटले नव्हते. नवीन फोन होता माझा, त्याचा कॅमेरा फार स्वच्छ. मग मुलांनी घड्या घातल्या, डिंक लावला, डबा भरला. फोटो मी मुख्याध्यापकांना पाठवला आणि नेहमीप्रमाणे नववीच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, 'इंदूला पत्र, एक अनोखा उपक्रम'. घरी पोचेपर्यंत टाळ्यांची आणि नमस्कारांची रीघ लागली होती. मी त्या टाळ्या मोजल्या, खोटं कशाला बोलू.

सोमवारी प्रणाली आली नाही. मंगळवारी आली ती वडिलांबरोबर. मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात उभे होते, हातात कापडी पिशवी, वालाच्या शेंगांनी टम्म भरलेली.

"बाई, तुमचे लई उपकार झाले."

"अहो, कसले?"

"ग्रुपवर टाकलात म्हणून समाजलं. नाय तर आमाला काय ठावं." त्यांनी फोन काढला. अंगठ्याला विळ्याची काळी चीर होती. त्या अंगठ्याने त्यांनी माझाच फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि माझ्यासमोर धरला. त्यात प्रणालीचा चेहरा नव्हता. नुसता कागद होता, आणि तिचं गोल, सुटं अक्षर.

"इंदू, तू दारात थांबलीस. माझ्या दाराला शनिवार-रविवार बाहेरून कुलूप असतं. पण मागच्या खिडकीचे दोन गज निघतात. लाकूड वाळवीने खाल्लं आहे. मी गज काढते आणि वालात जाऊन बसते. कुठे पळून जात नाही. बांधावर बसून गाणी ऐकते, लोक पोहताना दिसतात. पाहुणे जेवायला बसले की परत येते आणि गज लावते. कोणाला माहीत नाही. आता तुला माहीत आहे."

मी ते एका अनोळखी फोनवर, तिच्या बापाच्या हातात, उभ्याने वाचलं.

"मागल्या वर्षी काय झालं, बाई," ते सांगत होते, "एक पाव्हणा पिऊन आमच्या खोलीचं दार वाजवीत बसला. पोरगी आत एकटी. मी नि तिची आई तिकडं कोंबडी भाजतोय, गाण्यात काय ऐकू येनार? तवापासनं कुलूप घालतो. बाहेरनं कुलूप दिसलं की मानसाला वाटतं आत कोन नाय. आनि ही बया खिडकीतनं बाहेर. कोनी बघितली असती तर?" त्यांनी फोन खिशात टाकला. "काल तिचा मामा आला, चौक गावचा. हायवेला वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं. मशीन घेऊनच आला. आख्खी लोखंडी जाळी बसवली. आता काय काळजी नाय."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी तोंडावर नाय बोललात, फोटोतनं सांगितलंत. पोरीची इज्जत राखलीत. शिकलेल्या मानसाचं कामच येगळं."

तिथे मी बोलायला हवं होतं. मला माहीत नव्हतं हो, मी वाचलंच नव्हतं, चुकून गेलं. इतकी साधी तीन वाक्यं. पण तसं बोलले असते तर मी त्या क्षणी त्यांच्या नजरेतून उतरले असते. आणि दुसरं म्हणजे, बोलून करायचं काय होतं? जाळी काढा, पंधरा वर्षांच्या मुलीला दारुड्यांच्या वस्तीत खिडकीतून बाहेर जाऊ द्या, असं? त्या माणसाने घातलेलं कुलूप धाकाचं नव्हतं. त्याला दुसरी खोली नव्हती, शनिवार-रविवारी दुसरीकडे जायला सुट्टी नव्हती आणि जिथे तो राखणदार होता तिथेच राखायला काही सुरक्षित उरलं नव्हतं. तो मुलीला कोंडत होता आणि स्वतः बाहेर कोंडलेला होता. हे सगळं मला तेव्हाच्या तेव्हा कळलं असं नाही. तेव्हा मी नुसतं "हं" म्हटलं. आणि पिशवी घेतली.

व्हरांड्याच्या खांबाला टेकून प्रणाली हे बघत होती. माझं ते "हं" तिने ऐकलं.

वर्गात ती आली, टेबलापाशी उभी राहिली. "बाई, माझा कागद द्या."

मी डबा उघडला, तिची घडी शोधून काढली. डिंक वाळून कडक झाला होता. "हा बघ," मी म्हणाले, "मी उघडलेला नाही हं." हे मी बोलले. अजून कानात आहे. मला वाटत होतं की त्यातल्या त्यात मी एवढी तरी खरी ठरले. तिने घडी उलटसुलट करून पाहिली, डिंक शाबूत आहे का बघितला. मग माझ्याकडे पाहिलं. "हां," म्हणाली आणि कागद दप्तरात टाकला.

फोटो मी त्याच दिवशी ग्रुपवरून काढला. पण तोवर ज्याने त्याने बघायचं ते बघून झालं होतं. शेंगा घरी नेल्या. सासूबाईंनी सोलल्या, भाजी केली, सगळ्यांनी वाखाणली. मी दोन घास खाल्ले आणि उठले.

त्यानंतरची थंडी कशी संपली ते नीटसं आठवत नाही. वाल पिवळा पडला, वाळून झोडला गेला. मग खाचरांच्या कोपऱ्यात, भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी, पाला-फांद्यांचं कवळ रचून ते पेटवायला सुरुवात झाली आणि दुपारच्या तासांना वर्गात धूर यायला लागला. प्रणाली अभ्यास करत होती, उत्तरं देत होती, सोमवारी झोपत नव्हती. त्या न झोपण्याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण आधी ती झोपायची ते कशामुळे, हे आता माहीत होतं. दोन दिवस बाहेरचा वारा खाऊन यायची, म्हणून झोप यायची तिला. आता ती ताठ बसून असायची आणि माझी सुटलेली ओळ कोणी पकडत नव्हतं.

मार्चमध्ये शेवटची कृती होती, 'या कादंबरीने मला काय दिले'. तालुक्याला पाठवायची. प्रणालीने दोन पानं लिहिली. आईवडिलांच्या कष्टांची जाणीव झाली, घराच्या मर्यादांमध्ये प्रेम असते हे समजले, इंदूने दार लावून आत यायला हवे होते असे वाटते. एकही शब्द खोडलेला नाही. समास सोडलेला, शीर्षकाखाली दुहेरी रेघ. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, काय समज आहे हो पोरीला! हेच पाठवा." मी पाठवलं. त्याला बक्षीस मिळालं. प्रार्थनेनंतर तिला पुढे बोलावलं, टाळ्या झाल्या, आणि फोटो काढायला मुख्याध्यापकांनी फोन माझ्याच हातात दिला. तिने प्रमाणपत्र छातीशी धरलं, अगदी सरळ. आणि हसली.

माझ्या आईने वही वाचून मला गप्प केलं. मी न वाचता या मुलीला गप्प केलं. हिशेब कसाही मांडला तरी उत्तर एकच येत होतं, आणि मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की आपण आईपेक्षा वेगळ्या आहोत.

आता परवाची गोष्ट. मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांचा निरोप समारंभ कळंबच्या पुढच्या एका रिसॉर्टवर ठेवला होता. रविवार होता. आम्ही सगळे शिक्षक नटूनथटून गेलो. गेटपाशी पोपटीचा फलक, हिरवळीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, तळ्यात किंचाळणारी पोरं. आत काउंटरवर नावं लिहून घ्यायला एक मुलगी बसली होती. निळा शर्ट, एक घट्ट वेणी.

"आधार कार्ड दाखवा," ती मान खाली घालूनच म्हणाली. मग वर बघितलं. "बाई!"

बाकीचे पुढे गेले. मी थांबले. कर्जतला कॉलेज करते, शनिवार-रविवार इथे काम, पप्पांनीच लावून दिलं, मालक ओळखीचा. "पाव्हणे जाईपर्यंत उठता येत नाय, पन पगार बरा हाय." तिने माझ्यासाठी पाणी मागवलं. मी काउंटरला टेकून उभी, ती पलीकडे, मध्ये उघडं रजिस्टर. चार वर्षं जे घोकत होते ते मी एका दमात बोलून टाकलं. की मी मुद्दाम केलं नव्हतं. की फोटोत अक्षर दिसेल हे डोक्यातच आलं नाही. की तुझ्या वडिलांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पयल्यांदा वाटलं तुमीच सांगितलंत. मंग तुमी कागद दिलात तवा कळलं. डिंक तसाच होता."

मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. म्हणजे तिला माहीत होतं. मी शब्द पाळला होता हे तिला त्याच दिवसापासून माहीत होतं. "मी म्हटलं होतं ना तुला, वाचणार नाही म्हणून," मी म्हणाले.

ती पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. "सगळ्याच बाई असं बोलतात. आनि मंग वाचतात. म्हणून तर लिवलं."

मला समजलं नाही. तिने ते ओळखलं.

"मागल्या बाजूला पन लिवलेलं, बाई. ते फोटोत नाय आलं. रविवारी शाळेत एक तास ठेवा, काय पन शिकवा, कोनी नाय आलं तरी मी येईन. शाळा म्हटल्यावर पप्पा कुलूप काढतात." तिने रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं, कारण दारात गाडी थांबली होती. "ते इंदूला नव्हतं. इंदू काय करनार होती?"

शाळेची एक चावी त्या वर्षी माझ्याच पर्समध्ये असायची. रविवारीसुद्धा.